रिकामा हौदा आणि सतरा हजार फूट

आंब्याचा सीझन उतरणीला लागला की या सदरात पिकअपवाल्यांची पत्रं वाढतात. यंदा जरा जास्तच आलीत, देवगड, मालवण, गुहागर, चिपळूण, अलिबाग, सगळीकडून, आणि सगळ्यांचा रोख एकच, गाडी घेऊन लडाखला नाहीतर स्पितीला जायचंय. जा, नक्की जा. फक्त समुद्राकाठच्या माणसाला आणि समुद्राकाठच्या गाडीला काही गोष्टी वेगळ्या लागू होतात आणि त्या कोणी सांगत नाही, म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं नेहमीसारखी गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

काका, माझ्याकडे डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप आहे, सीझनभर हापूसच्या पेट्या वाहते. जूनमधे आम्ही दोघं आणि मित्र-वहिनी असे चौघं मनाली-लेह करतोय. स्नॉर्कल, लिफ्ट किट, लाइटबार आणि पुढे विंच असं भलंमोठं कोटेशन हातात आलंय. एवढं सगळं लागतं का? (देवगड)

नाही लागत दादा. त्या रस्त्यावरून भरलेले ट्रक जातात आणि साध्या छोट्या कारही जातात, तुमच्या गाडीला तिच्या मूळ उंचीत काही कमी नाही. लिफ्ट किटला तर मी सरळ नकोच म्हणेन, गाडी उंच केली की तिचं वजन वर जातं, आणि दरीच्या बाजूला कललेल्या रस्त्यावर नेमकं तेच नको असतं.

तुमची खरी अडचण आहे रिकामा हौदा. पिकअपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) वजन उचलायलाच बनवलेले असतात, पेट्या भरल्यावर गाडी कशी शांत चालते आणि वाशीला माल उतरवून रिकामी येताना कशी उडते हे तुम्हाला मी सांगायला नको. आता तीच उडणारी मागची बाजू घेऊन तुम्ही खडीच्या चढावर जाणार, चाक क्षणभर जरी जमिनीवरून सुटलं तरी पकड गेली, आणि लाटा पडलेल्या कच्च्या वळणावर मागची बाजू आडवी सरकायला लागते. त्यामुळे हौद्यात शंभर-दीडशे किलो वजन ठेवाच. ते मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे केबिनच्या बाजूला, टेलगेटला चिकटून अजिबात नाही, कारण तिथे ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग बोथट होतं. पाण्याचे कॅन, हत्यारं, तंबू आणि वाळूच्या दोन गोण्या, एवढ्यानं काम होतं, आणि कुठे रुतलात तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. जांभ्याचे चिरे टाकू नका, जोरात ब्रेक लागला की चिरा सरकत येऊन केबिनच्या पत्र्यावर आदळतो. जे ठेवाल ते रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा.

पैसे घालायचेच असतील तर टायरमधे घाला. झिजलेल्या हायवे टायरवर जाऊ नका, ऑल टेरेन टायर घ्या आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची असू दे. हवेबद्दल खूप गोंधळ असतो तो एकदा मिटवून टाकू. देवगडला ३० अंशात ३५ पीएसआय भरलीत आणि गाडी १७,५०० फुटांवर नेलीत तर बाहेरचा दाब जवळजवळ निम्मा झालेला असतो, त्यामुळे तुमचं गेज साधारण सात पीएसआय जास्त दाखवेल. पण तिथे तापमान शून्याच्या आसपास असलं की आतली हवा आकसते आणि त्यातले पाचेक पीएसआय परत जातात, म्हणजे शेवटी फरक उरतो दोन-तीनचा. त्यामुळे टायर फुटेल या भीतीनं वर जाऊन धडाधड हवा सोडू नका. सकाळी टायर थंड असताना बघा, तेवढं पुरे.

आणि आता किनाऱ्यावरच्या गाडीचं. तीन गोष्टी आहेत, तिन्ही निघायच्या आधी करा.

एक, ब्रेक फ्लुइड. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे ओलावा बारा महिने आहे. कोरं डॉट ४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं असेल तर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांबलचक उतारावर ब्रेक तापले, फ्लुइड उकळलं, त्यात बुडबुडे झाले की पेडल सरळ तळाला जातं. दोन वर्षांपूर्वी बदललं असेल तर विचार न करता बदला.

दोन, कूलंट. आपल्याकडे गॅरेजवाला रेडिएटरमधे नळाचं पाणी टॉप-अप करतो आणि कोकणात ते खपून जातं. वर रात्री पाणी गोठतं आणि गोठताना फुगतं, ब्लॉकला तडा जायला तेवढं पुरतं. सगळं काढून निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं नव्यानं भरा.

तीन, हौद्याखाली लटकणारी स्टेपनी आजच उतरवून बघा. ती एका वायर-रोपवर टांगलेली असते, टेलगेटखालच्या भोकातून रॉड घालून फिरवला की खाली येते. म्हणजे यायला पाहिजे. खारी हवा आणि लाल चिखल मिळून तो ड्रम असा गंजतो की रॉड फिरतच नाही, किंवा रॉड फिरतो पण वायर सुटत नाही आणि टायर अर्ध्यात तिरका लटकून राहतो. अंगणात असं झालं तर गॅरेजमधून ग्राइंडर आणून कापता येतं, मनाली-लेह रस्त्यावरच्या लाचुलुंग ला (तिकडे ‘ला’ म्हणजे खिंड) च्या उतारावर दोन बाजूंना एकही घर नसताना काय करणार? उतरवा, ग्रीस भरा, परत चढवा, आणि तेच चालू असताना चासीवर आणि पाट्यांच्या यू-बोल्टवर गंज किती आहे तोही टॉर्च मारून बघा. ब्रेकचे लोखंडी पाइप कुठे पापुद्रे सुटलेले दिसले तर ते बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.

वर गेल्यावर गाडी ओढत नाही, ट्रकच्या मागे पहिल्या गियरमधे रडत जावं लागतं असं मित्र सांगतात. आमचा मेकॅनिक म्हणतो इंजिनाचं रिमॅप करून घ्या म्हणजे दम लागणार नाही. करू का? (गुहागर)

करू नका. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं, त्यानं डोंगरावरची हवा वाढत नाही, आणि प्रश्न हवेचाच आहे. डिझेल जाळायला ऑक्सिजन लागतो, साडेसतरा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्माच मिळतो. टर्बो नसलेलं जुनं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानानं तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तगलांग ला वर १७,४८० फुटांवर पोचेपर्यंत निम्म्याच्या आसपास गेली. टर्बोवाल्या इंजिनाचं नुकसान बरंच कमी होतं कारण टर्बो विरळ हवाच जास्त दाबून आत कोंबतो, पण तो फिरायला लागेपर्यंत इंजिन रिकामं रिकामं वाटतं. खाली जिथे पंधराशे आरपीएमला गाडी झेप घेते तिथे वर दोन हजारच्या वर ठेवावी लागते. रिमॅपनं डिझेल वाढवलंत आणि हवा तेवढीच राहिली तर निघणार काळा धूर, आणि बीएस ६ गाडीत तो धूर एक्झॉस्टच्या फिल्टरमधे काजळी होऊन बसणार. ती काजळी जाळायला गाडी जरा वेगात, सलग काही वेळ चालावी लागते आणि घाटात ते मिळत नाही. डॅशबोर्डवर तो फिल्टरचा दिवा लागलाच तर मॅन्युअलमधे सांगितलंय तसं सपाट रस्ता मिळाल्यावर गाडी सलग चालवा, दिव्याकडे बघत तसंच पुढे रेटत राहू नका.

करायचं काय तर गियर आधी खाली घ्यायचा. चढ सुरू झाल्यावर, गाडी गुदमरायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. फोर बाय फोर असेल आणि रस्ता कच्चा असेल तर लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गियर) लावा, तिथे इंजिन मोकळं फिरतं आणि क्लचही वाचतो. कडक चढावर क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरायची आपल्याकडे सगळ्यांना सवय असते, ती तिथे क्लच प्लेटचा जीव घेते, आणि त्या वासानं पुढचा अर्धा दिवस जातो. एअर फिल्टर नवा टाका, धुळीचा रस्ता आहे, जुना फिल्टर म्हणजे आधीच कमी असलेली हवा आणखी अडवणं. गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, पाच हजार मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं, आत दाब आहे म्हणूनच ते उकळत नसतं, झाकण फिरवलं की सगळं अंगावर येणार.

माझी मासळीची पिकअप आसा, टू व्हील ड्राइव्ह, पिवळी नंबरप्लेट. पुढे तिघे आणि पाठी हौद्यात ताडपत्री बांधून सहा पोरगे, असा लेहक जावचा ठरवलाव. गाडी थंय चढतली मा? (मालवण)

गाडी चढेल. तशा कितीतरी मालाच्या गाड्या तिकडे रोज चढतात. पण पोरं हौद्यात बसवून नाही, हे अगदी स्पष्ट सांगतो. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यानं मना आहे, पहिल्याच चेकपोस्टला गाडी अडेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, पण ते सगळं बाजूला ठेवा. ताडपत्रीखाली, डिझेलच्या धुरात, शून्य अंशात, विरळ हवेत पोरगा झोपलाय की बेशुद्ध आहे हे पुढे केबिनमधे बसलेल्याला कळतच नाही. रेल्वेनं किंवा बसनं चंदीगड-मनाली गाठा आणि तिथून स्थानिक गाडी करा, नऊ जणांत खर्च वाटला जातो. तुमच्या पिकअपला राज्याबाहेर न्यायचं असेल तर परमिटचं काय लागतं ते आरटीओत वजनाचा आकडा दाखवून विचारा, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं.

आम्ही कुंभार्ली आणि परशुराम घाटातच गाडी शिकलो, पावसात, धुक्यात, रात्री. हिमालयातले घाट ह्याहून वेगळे काय असणार? (चिपळूण)

तुमचा आत्मविश्वास योग्य आहे, धुक्यात आणि निसरड्या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस तिकडे लवकर रुळतो, मैदानातल्या माणसाला ते जमायला वेळ लागतो. पण फरक आहेत. आंबोलीसारखा आपला घाट सातशे मीटरच्या आत संपतो. मनालीहून लेहकडे जाताना बारालाचा ला १६,०४० फूट, मग नकी ला, मग लाचुलुंग ला १६,६०० च्या आसपास, मग तगलांग ला, असं एकामागून एक चढायचं उतरायचं चालू राहतं आणि उतार लांबच लांब असतात. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर मागचे लायनर वास मारायला लागतात. ज्या गियरमधे चढलात त्याच गियरमधे उतरा, ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ जोरात आणि मग सोडून द्यायचा, सतत घासत नाही.

दुसरा फरक तुमच्या गाडीच्या लांबीचा. मोठ्या डबल केबिन पिकअप सव्वापाच मीटरच्या वर लांब असतात आणि दोन चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या पुढे. सर्चूनंतर गाटा लूप्स लागतात, एकापाठोपाठ २१ वळणं, तिथे वळण बाहेरून मोठं घ्यायचं, आतल्या बाजूला घाईनं शिरलात तर मागचं आतलं चाक रस्ता सोडून खडीत जातं. वळण एका दमात बसत नसेल तर मागे घेऊन दोनदा करा, त्यात कमीपणा नाही. शॉर्टकटची जी उभी कच्ची वाट दोन वळणांच्या मधे दिसते ती अजिबात घ्यायची नाही, माती सुटते, खालच्या वळणावरच्या माणसांवर दगड जातात.

फोर व्हील ड्राइव्ह लावून कोरड्या डांबरावर वळणं घेऊ नका. बऱ्याच पिकअपमधे फोर बाय फोर अर्धवेळ वापरायचं असतं, पुढची-मागची चाकं एकाच वेगानं बांधली जातात, वळणात त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि डांबरावर चाक घसरून जुळवून घेऊ शकत नाही, सगळा पीळ गियरबॉक्सवर येतो. खडी, बर्फ, नाला, चिखल आला की लावा, डांबर आलं की काढा.

आणि अरुंद जागी समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं. हा नियम मोटर वाहन कायद्याखालच्या ड्रायव्हिंग नियमांत लिहिलेला आहे आणि तिकडचे ट्रकवाले तो मनापासून पाळतात. आपणही पाळू या, चढावर थांबलेल्या भरलेल्या ट्रकला परत उचलणं किती कठीण असतं हे घाटातल्या माणसाला माहीत असतंच.

काका, गाडी मीच चालवते. मिस्टर म्हणतात गोळ्या घेऊ आणि मनालीहून दोन दिवसांत लेह गाठू, सुट्टी कमी आहे. बरोबर ६४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना बीपी आहे. मला भीती वाटते. (अलिबाग)

ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि ह्या सदरातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून नीट लिहितो. गाडीला काय झालं तर गाडी उभी राहते, माणसाचं तसं नसतं.

अलिबागला आपण समुद्रसपाटीला जगतो. मनाली साडेसहा-पावणेसात हजार फूट. मनालीहून निघून पहिल्याच दिवशी लोक सर्चूला मुक्काम करतात, ते आहे १४,००० फुटांच्या वर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची सात हजार फुटांनी वाढली. डॉक्टर मंडळी सांगतात की ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम घ्यावा. सर्चूचा मुक्काम ह्या हिशोबात कुठे बसतच नाही. डोकं फुटायला लागणं, उलट्या, रात्रभर झोप नाही आणि सकाळी त्याच माणसानं गाडी चालवायची, असं बहुतेकांचं होतं. तुम्ही एकट्याच चालवणार असाल तर हे सगळ्या गाडीवर येतं, कारण उंचीवर आधी जातो तो निर्णय घेण्यातला चटपटीतपणा, आणि तो गेलाय हे स्वतःला कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं, श्रीनगरकडून जा. श्रीनगर पाच हजारच्या जरा वर, सोनमर्ग नऊ हजारच्या जवळ, झोजी ला ११,५७५ ला चढून परत उतरता, कारगिलला मुक्काम पावणेनऊ हजारला, मग नामिका ला आणि १३,४७९ फुटांचा फोटू ला पार करून लेह साडेअकरा हजार. शरीराला पायरी पायरीनं सवय होते. लेहला पोचल्यावर दोन दिवस काही करायचं नाही. खरंच काही नाही, बाजारातसुद्धा हळू चालायचं. मग खारदुंग ला बघायला जा, वर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि खाली उतरा, माथ्यावर रेंगाळायचं नाही. मनालीकडून परत यायचं तर येताना या, तोपर्यंत सवय झालेली असते. आणि मनालीकडूनच जायचं असेल तर पहिला मुक्काम जिस्पाला करा, साडेदहा हजारच्या आसपास, आणि शक्य असेल तर तिथे दोन रात्री काढा. त्यानंतरही लेहच्या आधीचा पुढचा मुक्काम उंचावरच पडतो, म्हणून हा मार्ग मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

गोळीचं म्हणाल तर डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, सवय व्हायला मदत करते. पण ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये, आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशी ती जुळते का हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचंय. गोळी घेतली म्हणून दोन दिवसांत गाठता येतं असं नसतं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं ह्यातलं काहीही दिसलं की वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. झोपून बरं वाटेल म्हणून थांबणारी माणसं अशानंच जातात. सुट्टी वाढवून मिळत नसेल तर यावेळी लाहौलपर्यंतच जा, २०२० मधे अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून सिस्सू-केलाँग अगदी सोपं झालंय, सासूबाईंनाही झेपेल, आणि दोन-तीन दिवसांत डोंगर बघून समाधानानं परत येता येतं. लेह पुढच्या वर्षी.

स्पितीच्या रस्त्यावर पाण्यातून गाडी घालावी लागते म्हणतात. आम्ही व्हाळातून गाडी घालतो तसंच ना? (सावंतवाडी)

बरंचसं तसंच, पण त्या पाण्याचं घड्याळ वेगळं आहे. आपला व्हाळ पाऊस पडला की फुगतो, तिकडचा नाला ऊन पडलं की फुगतो. ग्रामफू ते बातल या पट्ट्यात वरच्या हिमनद्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं, पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातं आणि त्यात दगड गडगडत येत असतात. म्हणून काझ्याहून (स्पितीतलं मुख्य गाव) किंवा मनालीहून निघायचं ते अंधारातच, नाले सकाळी पार करायचे.

नाल्याशी आलात की आधी थांबा आणि बघा. पाणी गढूळ असतं त्यामुळे तळ दिसत नाही, पण वरचं पाणी सांगतं. जिथे पाणी रुंद पसरून खळखळ आवाज करत, बारीक लाटा काढत जातंय तिथे उथळ आहे, जिथे ते गप्प आणि गुळगुळीत दिसतंय तिथे खोल. एखादी गाडी पुढे जाऊ दे, तिचं चाक कुठे किती बुडतंय, कुठे उसळतंय ते लक्षात ठेवा. मग लो रेंज, पहिला किंवा दुसरा गियर आणि माणसाच्या चालीचा वेग. पाण्यात गेल्यावर क्लच दाबायचा नाही, गियर बदलायचा नाही, थांबायचं नाही, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. दगडाला चाक अडलं तर जोर करू नका, जरा मागे घेऊन बाजूनं काढा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमधे पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा म्हणजे लायनर कोरडे होतात.

वर रात्री गाडी उभी करताना काय बघायचं? डिझेल गोठतं का? (रत्नागिरी)

जून ते सप्टेंबरमधे डिझेल गोठण्याइतकी थंडी मुक्कामाच्या गावांत सहसा नसते. हिवाळ्यात जाणार असाल तर वेगळं, त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मधे लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं, टाकीतलं आपल्याकडचं डिझेल संपवून ते भरायचं. गाडीत डीईएफची (बीएस ६ गाडीत धूर साफ करायला लागणारा द्रव) टाकी असेल तर ते उणे ११ ला गोठतं, त्याची टाकी काठोकाठ भरू नका.

उन्हाळ्यातसुद्धा लागू होणारी गोष्ट म्हणजे हँडब्रेक. पिकअपला मागे बहुधा ड्रम ब्रेक असतात. संध्याकाळी नाला ओलांडून आलात, ड्रममधे पाणी आहे, हँडब्रेक ओढून झोपलात, पहाटे तापमान शून्याखाली गेलं की लायनर ड्रमला चिकटतात. सकाळी गाडी हलत नाही, लोक जोर करतात आणि लायनर उचकटून निघतो. त्यामुळे गाडी सपाट जागी पहिल्या गियरमधे ठेवा, चाकाला पुढून मागून दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा. बॅटरी तीन वर्षांच्या वरची असेल तर इथूनच तपासून घ्या, थंडीत तिची ताकद उतरते. सकाळी चावी फिरवल्यावर ग्लो प्लगचा दिवा जाईपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्ट करायचं, आपल्याकडे या दिव्याकडे कोणी बघत नाही.

जगातला सगळ्यात उंच रस्ता खारदुंग ला ना? तिथेच फोटो काढायचाय. (दापोली)

नाही रे बाळा. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, मोजमापात तो १७,५८२ च्या आसपास भरतो. बीआरओनं, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेनं, उमलिंग ला वरून १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२१ मधे त्याची गिनीजमधे नोंद झाली, मग २०२५ मधे त्यांनीच मिग ला वर १९,४०० फूट गाठले. हे दोन्ही सीमेला लागून आहेत, जाता येतं की नाही हे लेहला पोचल्यावरच चौकशी करून ठरव. आणि पहिल्यांदाच जातोयस तर खारदुंग ला पुरेसा उंच आहे.

कधी निघावं? बागेचं काम, भातलावणी, गणपती, सगळं सांभाळून. (वेंगुर्ला)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बघा, तोवर खिंडी बहुधा उघडलेल्या असतात आणि आपली शेवटची पेटीही गेलेली असते. लावणीला घरी माणूस लागणार असेल तर जून अखेरपर्यंत परत या. जुलै-ऑगस्टमधे लडाखमधे पाऊस नगण्य, पण तिथे पोचायला कुलू-मनालीचा पट्टा ओलांडावा लागतो आणि तो मात्र भर पावसात असतो, २०२३ च्या जुलैत तिथला हायवे बियासच्या पुरात जागोजाग वाहून गेला होता. सप्टेंबर सगळ्यात सुंदर, आकाश स्वच्छ, नाले उतरलेले. पण गणपती कधी ऑगस्टअखेरीला येतात कधी सप्टेंबरात, आणि कोकणातल्या घरातून गणपतीला माणूस बाहेर राहात नाही, म्हणून विसर्जनानंतरची तारीख धरा. येऊन-जाऊन पाच हजार किलोमीटरच्या वर नुसता प्रवासच आहे, तीन आठवडे मोकळे असतील तरच गाडी घेऊन निघा, नाहीतर चंदीगडपर्यंत रेल्वे बरी. डिझेलचं म्हणाल तर मनालीकडून जाताना तांडीला टाकी फुल करायचीच, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं सांगणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे, आणि स्पितीत काझ्याचा पंप चुकवू नका.

परत आल्यावर सर्व्हिसिंगला काय सांगायचं? (राजापूर)

आधी खालून धुऊन घ्या, पाट्यांच्या मधे आणि चासीच्या आत अडकलेली बारीक वाळू आपल्या दमट हवेत ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो. एअर फिल्टर बदला, पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा, मागचे ड्रम उघडून आतली धूळ काढा. आणि नाल्यांतून गेला असाल तर पुढच्या मागच्या डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघायला सांगा, मेकॅनिक विसरतात. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलून घ्या, बेअरिंग खराब व्हायच्या आधी.